कोंडा, घाणा आणि बंदर : न्हावा शेव्याच्या किनाऱ्यावर कोरड्या डोक्याचा इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. उपशीर्षके वाचकांच्या सोयीसाठी.)

आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आलं असेल. इतिहासाच्या व्याख्यानात गड येतात, तह येतात, सनदा येतात. डोक्यातला कोंडा कुठून आला?

पण थोडा विचार करा. डोकं कोरडं पडतं, खाज सुटते, खांद्यावर पांढरा भुगा पडतो. ही तक्रार वाड्यातल्या माणसाची होती तशी मिठागरात राबणाऱ्याचीही होती. तिच्यावर माणसाने काय उपाय केला हे पाहिलं, की त्याच्या दाराशी कुठलं झाड होतं, विहिरीचं पाणी कसं होतं, तेल कोण गाळत होतं आणि बाजार कुणाच्या हातात होता, हे आपोआप कळत जातं. राजाच्या बखरीत हे लिहिलेलं नसतं. तेलाच्या वाटीत मात्र असतं.

ठिकाण म्हणून मी न्हावा शेवा निवडलं आहे. १२ जानेवारी २०२४ ला सागरी सेतू सुरू झाल्यापासून शिवडी-न्हावा शेवा हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण न्हावा आणि शेवा ही मुळात दोन गावं. पनवेल-उरणच्या खाडीकाठची, समोर घारापुरी, पलीकडे मुंबई. न्हावा म्हटल्यावर कुणाला न्हाणं आठवेल, तर त्या व्युत्पत्तीत आपल्याला शिरायचं नाही. योगायोग आहे, गंमत म्हणून सोडून देऊ.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे, ती आधीच सांगून टाकतो. 'डोकं कोरडं पडलं' या एका वाक्याखाली दोन वेगवेगळी दुखणी लपलेली आहेत. त्यातल्या एकावर या किनाऱ्याने फार चांगला उपाय शोधला होता. तो उपाय म्हणजे नुसतं तेल नव्हतं. तेल, धुणं, पाणी आणि ऋतू अशी ती सगळी मिळून एक रीत होती. पुढे बाजाराने त्यातलं तेल तेवढं उचललं आणि बाटलीत भरलं. बाकीची रीत मागे राहिली. त्याचे परिणाम आपण अजून डोक्यावर वागवतो आहोत.

शब्दापासून सुरुवात

'कोंडा' हा शब्द घ्या. भात कांडलं की वर जो भुसा उरतो तो कोंडा. डोक्यातून पडतो तोही कोंडा. भात पिकवणाऱ्या, भात कांडणाऱ्या लोकांनी डोक्यातली ती भुकटी पाहिली आणि त्यांना उखळीजवळचा भुसा आठवला. यात आश्चर्य नाही.

आश्चर्य पुढे आहे. ग्रीक वैद्यांनी या विकाराला 'पिटिरियासिस' म्हटलं, आणि ग्रीक भाषेत 'पिटुरॉन' म्हणजे धान्याचा कोंडा. लॅटिनमध्ये कोंड्याला म्हणतात 'फरफर'. आणि आजच्या सूक्ष्मजीवशास्त्रात डोक्याच्या त्वचेवर राहणाऱ्या एका बुरशीचं नाव आहे 'मॅलासेझिया फरफर'. म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या गहू दळणाऱ्यांना आणि कोकणातल्या भात कांडणाऱ्यांना एकमेकांना न विचारता तीच उपमा सुचली.

पण उपमा मदत करते तशी फसवतेही. कोंडा म्हटलं की डोळ्यांपुढे कोरडी वस्तू येते. कोरडं आहे तर ओलं करा, तेल लावा, हा पुढचा विचार मग आपसूक येतो. तो कधी बरोबर असतो, कधी नसतो. हा धागा हातात धरून ठेवा.

ग्रंथांत काय सांगितलं आहे

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत 'दारुणक' नावाचा एक विकार आहे. क्षुद्र म्हणजे इथे लहानसहान. केस उगवतात ती जमीन कठीण होते, खाजते, रूक्ष होते आणि तिला भेगा पडतात, असं वर्णन आहे. आता कारण बघा. ग्रंथकार म्हणतो, कफ आणि वात या दोहोंच्या प्रकोपाने. वात म्हणजे कोरडेपणाचा दोष, हे आपण घरी आजीकडूनही ऐकलेलं असतं. पण कफ? कफ तर स्निग्ध, चिकट. दिसायला कोरडं असलेलं दुखणं नुसतं कोरडं नाही, त्यात काहीतरी तेलकट-चिकटही आहे, ही नोंद त्या निरीक्षकाने करून ठेवली आहे. आजच्या विज्ञानाशी तिची जोडी जुळवण्याचा मोह मी टाळतो. दोष वेगळी संकल्पना आहे, बुरशी वेगळी. पण निरीक्षण म्हणून ते तीक्ष्ण आहे.

उपचारही बघण्यासारखे आहेत. तेलाचा अभ्यंग सांगितला आहे, डोक्यावर तेल धरून ठेवण्याची शिरोबस्ती सांगितली आहे, शीर तोडून रक्त काढणंही सांगितलं आहे. आणि त्याबरोबर धुण्यासाठी कोद्रवाच्या, म्हणजे हरकाच्या, काडाच्या राखेचं क्षारपाणी सांगितलं आहे. म्हणजे तेल एकटं नाही. तेलाच्या जोडीला ते काढून टाकणारं पाणी आहे.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात डोक्याला तेल देण्याचे चार प्रकार येतात. साधं चोळणं, धार सोडणं, तेलात भिजवलेला बोळा ठेवणं आणि बस्ती. त्यातलं साधं चोळणं कशासाठी? रूक्षता, खाज आणि मळ यांसाठी. बाकीचे प्रकार जड दुखण्यांना. रोजच्या कोरडेपणाला रोजचाच उपाय, असा तो हिशेब आहे.

किनाऱ्यावर डोकं का कोरडं पडतं?

इथे कुणीही विचारेल, की समुद्रकाठची हवा दमट असते, मग डोकं कोरडं का पडावं? प्रश्न योग्य आहे. उत्तर मिठात, उन्हात आणि पाण्यात आहे.

उरणचा परिसर जुन्या काळापासून मिठागरांचा. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं. आगरी या नावाचा संबंधच आगराशी जोडला जातो. पावसाळा संपला की काम सुरू होतं आणि पुढचा पाऊस येईपर्यंत चालतं. म्हणजे वर्षातला उन्हाचा सगळा काळ उघड्यावर, मिठाच्या चकाकीत. कोळ्यांचं जगणं होडीवर, खाऱ्या वाऱ्यात. घाम वाळतो, त्याचं मीठ राहतं. समुद्राचे तुषार वाळतात, त्याचंही मीठ राहतं. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात थोडं पाणी आणि थोडी चरबी असते, त्यावर तिचा मऊपणा टिकतो. मीठ, ऊन आणि वारा तिघे मिळून तो थर कोरडा करतात. कोळ्यांची कानटोपी, आगरातल्या बायकांच्या डोक्यावरचा पदर, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा, हे सगळं आपण वेशभूषा म्हणून पाहतो. मी त्याकडे प्रतिबंधक उपाय म्हणूनही पाहीन.

आता पाणी. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ. अशा जड पाण्यात साबण लावला तर काय होतं, ते तुम्ही घरी पाहिलं असेल. फेस येत नाही आणि बादलीला पांढरट चिकट थर बसतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळतं आणि न विरघळणारा साका तयार होतो. तोच साका केसांत आणि डोक्याच्या कातडीवर बसतो. शिवाय साबण अल्कधर्मी असतो, त्वचा किंचित आम्लधर्मी. म्हणजे जड पाण्यात साबणाने डोकं धुतलं की कातडी ताणल्यासारखी होते, वर राखेसारखा थर राहतो, आणि माणूस म्हणतो, 'डोकं कोरडं पडलं.'

शिकेकाई आणि रिठा इथे वेगळे ठरतात. त्यांच्यात सॅपोनिन नावाचे फेस आणणारे पदार्थ असतात. जड पाण्यात त्यांचा साका होत नाही. शिकेकाईचा काढा तर किंचित आंबट. आपल्या आज्यांना कॅल्शियम ठाऊक नव्हतं, पण कशाने केस मोकळे होतात आणि कशाने चिकटतात हे ठाऊक होतं.

शिकेकाई मात्र खाडीकाठी उगवत नाही. ती काटेरी वेल जंगलातली. म्हणजे किनाऱ्यावरच्या बाईचं न्हाणं डोंगरातल्या कातकरी-ठाकरांच्या मेहनतीवर अवलंबून होतं. त्यांनी शेंगा गोळा करायच्या, बाजारात आणायच्या. आणि जंगल कुणाचं, हा प्रश्न इंग्रजांच्या काळात पेटलेला होता. १८७८ च्या वन कायद्याने जंगलावरचे गावकऱ्यांचे जुने हक्क आकसले. याच उरण तालुक्यात चिरनेरला, अक्कादेवीच्या डोंगरावर, २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. शिकेकाईसाठी सत्याग्रह झाला असं मी अजिबात म्हणत नाही. लाकूडफाटा, गवत, जगण्याचे हक्क असे मोठे प्रश्न होते. एवढंच सांगतो की न्हाणीघरातली ती मूठभर पूडसुद्धा त्याच जंगलातून येत होती.

तेल कोण गाळत होतं? शनिवार तेली

आता तेलाकडे येऊ. मराठी 'तेल' हा शब्द तिळावरून आला, म्हणजे आपलं मूळ तेल तिळाचं. पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' नावाचं एक ग्रीक प्रवासवर्णन आहे, व्यापाऱ्याने व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं. भरूच आणि अरिआके या प्रदेशातून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे काय काय जातं त्याची यादी त्यात आहे. गहू, तांदूळ, तूप, सुती कापड, आणि तिळाचं तेल. न्हावा शेव्याच्या समोरच्या घारापुरीवर रोमन अम्फोरांचे, म्हणजे दोन कानांच्या कुंभांचे, तुकडे सापडले आहेत. हा किनारा दोन हजार वर्षं जगाशी देवघेव करतो आहे, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याहून तेव्हा तेल बाहेर जात होतं. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

पुढच्या काळात, रायगडच्या, म्हणजे जुन्या कुलाब्याच्या गावोगावी तेल गाळणारे जे लोक होते त्यांच्यात एक समाज फार विशेष होता. बेने इस्रायल. मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि वाचलेल्या मोजक्या जोडप्यांपासून समाज वाढला. ते गावोगाव पसरले, गावाच्या नावावरून आडनावं घेतली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमवरून किहीमकर. व्यवसाय तेलाच्या घाण्याचा. शनिवारी सब्बाथ, म्हणून शनिवारी घाणा बंद. गावाला ही गोष्ट दिसली आणि गावाने नाव ठेवलं, 'शनिवार तेली'. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते 'सोमवार तेली'. बघा, धर्म कोणता, पोथी कोणती, याची चौकशी गावाने केली नाही. तेल कुठल्या वारी मिळणार नाही, एवढं गावाला ठाऊक असणं पुरेसं होतं.

घाणा म्हणजे लाकडी उखळ, त्यात फिरणारी लाट, ती फिरवणारा डोळे बांधलेला बैल. तीळ किंवा सुकं खोबरं घालायचं, तेल निथळायचं, पेंड गुरांना. तेल ताजं, थोडं थोडं गाळलेलं. गिऱ्हाईक तेल्याला ओळखतं, तेली गिऱ्हाइकाला ओळखतो. अष्टागराच्या वाड्यांत नारळ मुबलक, त्यामुळे डोक्याला खोबरेल.

एक गोष्ट फार सुंदर होती. कोकणातल्या न्हाणीचं पाणी वाया जात नसे. ते पाटाने माडाच्या किंवा केळीच्या बुंध्याशी सोडलेलं असे. माडाचा नारळ, नारळाचं तेल, तेल डोक्याला, डोकं शिकेकाईने धुतलं की ते पाणी पुन्हा माडाला. उपायाचं सगळं सामान एका परड्यात आणि एका बाजारात फिरत होतं.

याला ऋतूचीही जोड होती. पाऊस संपतो, हवा कोरडी होऊ लागते, अंगाला भेगा पडायला लागतात, आणि नेमकी तेव्हा नरक चतुर्दशी येते. पहाटे तेल, उटणं, कढत पाण्याचं अभ्यंगस्नान, दाराशी कारीट फोडणं. धार्मिक अर्थ आपल्या जागी. पण वर्षातून एकदा घरातल्या प्रत्येकाच्या डोक्याला, अगदी नाखूश बापयाच्यासुद्धा, तेल लागतं आणि ते त्याच सकाळी धुऊनही टाकलं जातं, ही सवय म्हणून किती शहाणी आहे! खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली गोठतं. थंडीत तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. तेल गोठलं म्हणजे डोक्याला तेलाचे दिवस आले, अशी ती निसर्गाचीच खूण.

समाजाचं पुढे काय झालं? बेने इस्रायल अठराव्या शतकापासून मुंबईला जाऊ लागले. पलटणीत, मग कारकुनीत, गिरण्यांत. १९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले. अलिबागला इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे. घाणे बहुतेक गेले.

बाटली येते

१९१७ साली टाटांनी कोचीनला टाटा ऑइल मिल्स काढली, केरळातलं खोबरं गाळायला. घाण्याचं काम गिरणीत गेलं. मुंबईत मशीद बंदरच्या तेलाच्या आणि मसाल्याच्या व्यापारातून मारीवाला कुटुंबाची बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीज उभी राहिली. तिचं 'पॅराशूट' खोबरेल आधी पत्र्याच्या डब्यात येई. हर्ष मारीवाला यांनी ते प्लास्टिकच्या निळ्या बाटलीत आणलं. त्याचा एक किस्सा त्यांनीच सांगितला आहे. दुकानदार प्लास्टिक घ्यायला तयार नव्हते, कारण आधीच्या चौकोनी बाटल्या उंदीर कुरतडत. मग गोल बाटली केली, जिच्यावर उंदराला दात रोवायला कोपराच मिळत नाही, आणि पिंजऱ्यात उंदरांबरोबर ठेवून तिची परीक्षा घेतली. १९९० पासून हा व्यवसाय 'मॅरिको' नावाने वेगळा झाला.

बाटलीने चांगलं काय केलं? भेसळीची भीती कमी केली, भाव ठरला, तेल सगळीकडे पोचलं. हे कमी नाही. पण तेलाबरोबर तेली आला नाही, शिकेकाई आली नाही, न्हाणीचा पाट आला नाही. बाटलीच्या जाहिरातीत तेल लावलेले लांब केस दिसतात. ते धुणारे हात दिसत नाहीत.

हे तेल नेमकं काय आहे, हा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लहान बाटलीतलं खोबरेल खायचं की डोक्याला लावायचं? त्यावर कर ठरणार होता. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. शेवटी १८ डिसेंबर २०२४ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की नुसती बाटली लहान आहे म्हणून शुद्ध खोबरेल केशतेल ठरत नाही, ते खाद्यतेल म्हणून धरता येतं. कोकणातल्या स्वयंपाकघरात मात्र हा वाद कधीच नव्हता. तीच बाटली, फोडणीलाही आणि टाळूलाही.

शॅम्पूचीही गोष्ट इथेच उरकतो. हा शब्द आपल्याच चांपण्या-चंपीतून इंग्रजीत गेला. पाटण्याचा शेख दीन महंमद इंग्लंडला गेला, ब्रायटनला त्याने मालिशीचं स्नानगृह काढलं, आणि राजाच्या घरापर्यंत पोचला. १८२२ च्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच 'शॅम्पूइंग' आहे, अर्थ मालिश. शंभरेक वर्षांत मालिश गळाली आणि फेस उरला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतून लहान पुड्यांतला शॅम्पू निघाला आणि खेड्यापाड्यांतल्या दुकानांत माळेसारखा लटकला. कृत्रिम शॅम्पूचा एक गुण नाकारता येणार नाही. जड पाण्यात त्याचा साका होत नाही. शिकेकाईची जागा त्याने घेतली ती उगाच नाही.

आणि बंदर

आता न्हावा शेव्याला परत या. १९७० च्या दशकात नव्या मुंबईसाठी इथल्या जमिनी घ्यायला सुरुवात झाली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार होऊन ५ शेतकरी मारले गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. २६ मे १९८९ ला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. शेवा कोळीवाड्यातल्या कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात हलवलं, आणि तिथली घरं वाळवीने पोखरली. ती तक्रार वर्षानुवर्षं चालली.

या सगळ्याचा डोक्याच्या कोरडेपणाशी काय संबंध, असं वाटेल. संबंध असा, की जमीन जाते तेव्हा परडं जातं. परडं जातं तेव्हा माड जातो, विहीर जाते, न्हाणीचा पाट जातो. कुठल्याही भरपाईच्या तक्त्यात 'डोक्याला लावायचं तेल' हा रकाना नसतो. उपाय घरचा असतो तेव्हा तो फुकट वाटतो. तो विकत घ्यावा लागला की कळतं, त्याला जमीन लागत होती.

आणि बंदरातून आज काय येतं? २०२४-२५ मध्ये वीस फुटी कंटेनरच्या मापाने ७० लाखांहून जास्त कंटेनर या बंदराने हाताळले. द्रव मालाच्या धक्क्यावर इतर गोष्टींबरोबर खाद्यतेलही उतरतं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाच्या निम्म्याहून अधिक आज बाहेरून येतं, त्यात पाम तेल मोठं. साबणाला लागणारी चरबी, शॅम्पूचा फेस आणणारे घटक, हे बरेचसे पाम किंवा नारळाच्या तेलापासूनच बनतात. पेरिप्लसच्या काळात ज्या किनाऱ्याहून तेल बाहेर जात होतं, तिथे आता तेल आत येतं.

दोन दुखणी

आता सुरुवातीला हातात धरलेल्या धाग्याकडे. १८७४ मध्ये लुई-शार्ल मालासे या फ्रेंच वैज्ञानिकाने डोक्याच्या खपल्यांत सूक्ष्मदर्शकाखाली गोल यीस्टसारखे जीव पाहिले. 'मॅलासेझिया' हे नाव त्याच्यावरून. ही बुरशी जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर असते. ती जगते डोक्यातल्या नैसर्गिक तेलावर. ते तेल ती फोडते, त्यातून ओलेइक आम्लासारखे पदार्थ सुटतात, आणि काही जणांच्या कातडीला ते सोसत नाहीत. खाज येते, लाली येते, कातडी भराभर सोलते. हा खरा कोंडा. याचे कपचे मोठे, पिवळसर, किंचित तेलकट. केस धुतल्यावर दोन दिवसांत परत. भुवया आणि नाकाच्या कडेलाही दिसतो.

दुसरं दुखणं, निव्वळ कोरडी टाळू. हिचा भुगा बारीक, पांढरा, सुका. धुतल्यावर कातडी ताणते. हातापायांची त्वचाही कोरडी असते. थंडीत वाढतं, मिठाच्या पाण्याने, जड पाण्यातल्या साबणाने, फार कढत पाण्याने वाढतं.

मिठागरातल्या आणि होडीवरच्या माणसाचं दुखणं बहुतेक हे दुसरं असावं, असा माझा तर्क. त्याला तेल आणि सौम्य धुणं हा उपाय अगदी चपखल. पण आज वातानुकूलित कचेरीत बसणारा माणूस पहिलं दुखणं घेऊन तीच बाटली उघडतो, रात्रभर तेल थापतो, सकाळी घाईत अर्धवट धुतो, आणि म्हणतो, आजीचा उपाय लागू पडत नाही. आजीचा उपाय त्याने पुरता केलेलाच नाही. तेल घेतलं, धुणं सोडलं. आणि दुखणंही वेगळं.

खोबरेलावर चांगलं संशोधन झालं आहे. २००३ मध्ये मॅरिकोच्याच संशोधकांनी दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाचं किंवा खनिज तेल तसं करत नाही. पण नीट ऐका, ते केसाबद्दल आहे, कातडीबद्दल नाही. केस आणि टाळू या दोन गोष्टी आहेत. जाहिरात त्या एक करून टाकते.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : मग शेवटी तेल लावायचं की नाही?*

आधी डोक्यात बघा, मग ठरवा. भुगा बारीक आणि सुका असेल तर धुण्याच्या आधी तासभर खोबरेल कातडीला बोटांनी लावा, मग कोमट पाण्याने, सौम्य शॅम्पूने किंवा शिकेकाईने धुवा. तेल पूर्ण निघालं पाहिजे. समुद्रात किंवा तलावात पोहून आलात तर साध्या गोड्या पाण्याने डोकं त्याच वेळी धुवा. बोअरिंगचं जड पाणी असेल तर शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा घ्या. कपचे तेलकट असतील, फार खाज असेल, तर तेल थांबवा. केटोकोनॅझोल किंवा झिंक पायरिथिऑन असलेला शॅम्पू आठवड्यातून दोनदा, आणि तो लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा. लोक लगेच धुऊन टाकतात आणि मग गुण येत नाही म्हणतात. महिन्याभरात फरक नाही, रक्त येतंय, जाड चट्टे आहेत, किंवा मुलाच्या डोक्यात केस गळून गोल चकती पडली आहे, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. तो कोंडा नसेलही.

*प्रश्न : बाळाची टाळू भरतात त्याचं काय?*

तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पिवळट खपली बसते. बहुतेकदा ती आपोआप जाते. थोडं तेल लावून ती मऊ करायची, मऊ ब्रशने हलकेच सोडवायची आणि डोकं धुवायचं, इथवर ठीक. टाळू भरायची म्हणून तेलाचं थारोळं दिवसभर तसंच ठेवायचं, हे नको. आणि नखाने खरवडायचं तर मुळीच नाही. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट. लावायचं, आणि काढायचं.

*प्रश्न : घाण्याचं तेल परत आलं आहे, महाग मिळतं. ते घ्यावं का?*

चवीला घ्या, घाणा चालवणाऱ्याचा धंदा टिकावा म्हणून घ्या. टाळूसाठी साधं शुद्ध खोबरेलही चालतं. खरी उणीव तेलाची नाहीच. आठवड्यातून एकदा तासभर बसून, दुसऱ्या कुणाकडून डोक्याला तेल चोळून घ्यायची आणि ते नीट धुऊन घ्यायची जी फुरसत होती, ती बाटलीत भरता आली नाही. तेवढी काढता आली तर बघा.